कै. डॉ. आनंदीबाई जोशी व दहा दिवसांचे बाळ

थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे वाचावयाची ती त्यांच्या आयुष्यातून आपल्या घरी उपयोगी पडेल असा काही बोध घ्यावा म्हणून. नुसत्या सनावळ्या पाठ केल्याने परीक्षेत गुण मिळतील. परंतु त्या चरित्रनायकाने कशासाठी एवढे कष्ट सोसले, हे न समजल्यास त्या गुणांचे मोल फारसे नाही. परदेशी जाऊन पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदू स्त्रियांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव अग्रभागी आहे, ही गोष्ट आमच्या शाळेतील लहान वर्गातील मुलीही सांगू शकतील. मात्र त्या डॉक्टर कशामुळे झाल्या, असे विचारले असता पुष्कळ मुले गप्प राहतात. या प्रश्नाचे उत्तर एका बाळाच्या मरणात आहे. ते बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या दहा दिवसांतून आनंदीबाईंचे सारे चरित्र कसे उगम पावले, हे या वर्षीच्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईवडिलांस सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे घराणे कल्याणचे; घरी पूर्वीचे वैभव होते, पण ते ओसरत चालले होते. त्यांचे माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. वर गोपाळराव जोशी हे पोस्टखात्यात नोकरीस असून विधुर होते, आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. सासरी त्यांचे नाव आनंदी ठेवण्यात आले. गोपाळराव मोठे विक्षिप्त गृहस्थ होते. पत्नीस शिकवावयाचे हा त्यांचा एकच ध्यास. ज्या काळी बायकोने पुस्तक हाती धरिले असता नवरे रागावत, त्या काळी आपली बायको अभ्यास टाकून चुलीपाशी बसली म्हणून हे गृहस्थ रागावत. त्यांच्या रागाचा मार त्या अल्पवयी मुलीस सोसावा लागला, हेही चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यांचे समर्थन आम्ही करीत नाही. विद्येचे बीज मायेने पेरले तरी ते उगवते, असा आमचा शिक्षकपणाचा अनुभव आहे. तथापि त्या घरात जर अक्षरओळख झाली नसती, तर पुढील कथाही घडली नसती, हे मान्य केले पाहिजे.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला. आजच्या हिशेबाने पाहता आई स्वतःच आमच्या आठवी-नववीच्या वर्गात शोभेल अशा वयाची. घरात पुत्रजन्माचा आनंद झाला. पण तो दहा दिवसच टिकला. बाळ आजारी पडले, त्यास हवी तशी वैद्यकीय मदत मिळाली नाही, आणि ते गेले. त्या बाळाच्या दुखण्याला आज दीडशे वर्षांनी एखाद्या रोगाचे नाव देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या काळी अशा मृत्यूंस कोणी निराळे नाव देतही नसे. देवाने दिले, देवाने नेले, असे म्हणून शेजारणी डोळे पुसत व आपापल्या कामास लागत. बारशाचा पाळणा न हलताच माळ्यावर जाई. असे पाळणे त्या काळी घरोघर होते.

परंतु चौदा वर्षांच्या त्या आईने एक वेगळी गोष्ट केली. तिने त्या मरणाचे कारण शोधिले. आपल्या बाळास डॉक्टराची मदत मिळाली असती तर कदाचित ते वाचले असते, हा विचार तिच्या मनात रुजला. मग डॉक्टर का मिळाला नाही, हा दुसरा प्रश्न आलाच. डॉक्टर सारे पुरुष. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत पुरुषास प्रवेश नाही. आणि त्याच्यापाशी आपले दुखणे सांगण्यास स्त्रियांस लाज वाटे. म्हणजे स्त्री-डॉक्टर झाल्याशिवाय हजारो बायकांस व त्यांच्या बाळांस औषध मिळणार नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्या दुःखाने इतर बायका रडून स्वस्थ बसत, त्याच दुःखाने आनंदीबाईंस कामास लाविले.

येथे थोडे थांबून, त्या काळी जगातील विद्वानांस या विषयाचे ज्ञान कितपत होते, ते पाहू. ज्या १८६५ साली आनंदीबाई जन्मल्या, त्याच साली ऑगस्टच्या १३ तारखेस युरोपातील व्हिएन्ना शहरी वेड्यांच्या इस्पितळात एक डॉक्टर मरण पावला. त्याचे नाव इग्नाझ सेमेलवाइस. हा हंगेरी देशचा. अठरा वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात तो प्रसूतिविभागात काम करीत होता. त्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुइणी काम करीत, दुसऱ्यात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी. आश्चर्य असे की, विद्वान डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी अधिक बायका मरत, आणि त्यांच्यामागोमाग त्यांची बाळेही दगावत. सेमेलवाइसने कारण शोधून काढिले. हे डॉक्टर व विद्यार्थी सकाळी प्रेतांची चिरफाड करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणीची तपासणी करीत. प्रेतातील काही विष त्यांच्या हातास चिकटून येत असावे, असे अनुमान करून त्याने १८४७ च्या मे महिन्यात प्रत्येकास क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घालून दिला. एप्रिलमध्ये त्या विभागात दर शंभर बाळंतिणींत सुमारे अठरा मरत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आले. केवळ हात धुतल्याने! पण आपलेच हात मृत्यू वाहून नेतात, ही गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांस मानवली नाही. त्यांनी त्याची उपेक्षा केली. तो खचला, आणि शेवटी ज्या प्रकारच्या विषबाधेविरुद्ध तो लढला होता, तसल्याच जखमेच्या विषबाधेने तो गेला.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याने कार्बोलिक आम्ल वापरून जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८७९ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतू साखळीसारखे असतात, हे विद्वानांच्या सभेत फळ्यावर काढून दाखविले. १८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधिला. येणेप्रमाणे, ज्या वर्षांत आनंदीबाई आपल्या बाळाचा शोक करीत पुढील वाट शोधीत होत्या, नेमक्या त्याच वर्षांत या अदृश्य शत्रूंचा पडदा एकेक करून उठत होता.

आता आपण पुन्हा आनंदीबाईंकडे वळू. गोपाळरावांची नोकरी फिरतीची असल्यामुळे या दांपत्यास अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज व बंगाल असा प्रवास घडला. कोल्हापुरास त्यांस अमेरिकन मिशनऱ्यांचा परिचय झाला होता. पत्नीस अमेरिकेत शिकावयास पाठवावे, अशा विचाराने गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थास पत्र लिहिले. वाइल्डर साहेब पूर्वी कोल्हापुरात काम करून मायदेशी परतले होते व तेथे मिशनकार्यास वाहिलेले एक नियतकालिक चालवीत. त्यांनी पत्र छापिले. पण या दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असा अभिप्राय त्यांनी सोबत जोडिला. जोशी दांपत्यास ही अट मान्य नव्हती. गोष्ट तेथेच संपावयाची. पण ईश्वरी योजना निराळी होती. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याच्या खोलीत आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक पडला. समुद्रापलीकडील त्या मुलीची शिकण्याची तळमळ वाचून त्यांचे हृदय द्रवले आणि त्यांनी आनंदीबाईंस पत्र लिहिले. पत्रापत्री वाढली. पुढे आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. आमची शाळा मिशनची असल्यामुळे या प्रसंगातील बोध आम्ही आवर्जून सांगतो. एकाने मदतीला अट घातली. दुसरीने काहीही न मागता आपल्या घराचे दार उघडिले. शेजाऱ्यावर आपल्याप्रमाणे प्रीती करावी, ही जी आज्ञा आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकतो, ती या दुसरीने पाळिली, असे आम्हास वाटते.

एका ब्राह्मण विवाहितेने एकटीने समुद्र ओलांडून जावे, ही वार्ता पसरताच चहूकडून टीकेचा भडिमार झाला. तेव्हा बंगालमधील श्रीरामपूर येथे या दांपत्याचा मुक्काम होता. त्या गावाशी आपल्या मराठी भाषेचेही एक नाते आहे. विल्यम केरी या मिशनरी पंडिताने रचिलेले मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली तेथेच छापिले गेले. त्याच केरींनी आपल्या सहकाऱ्यांसह स्थापिलेल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई लोकांपुढे उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षेही पूर्ण नव्हते. आपण अमेरिकेस का जातो, येथेच का शिकत नाही, एकटी का जाते, जातीबाहेर टाकिले तर काय करणार, अशा लोकांच्या शंका त्यांनी आपण होऊन एकामागून एक मांडिल्या व त्यांस इंग्रजीतून शांतपणे उत्तरे दिली. या देशात स्त्री-डॉक्टरांची अत्यंत गरज आहे आणि ती गरज भागविण्यास आपण सिद्ध आहो, असे त्यांनी सांगितले. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असाही त्यांचा निश्चय त्यांनी प्रकट केला. पुढे तो त्यांनी अखेरपर्यंत पाळिला.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. सोबतीस पती नव्हते. मिशनच्या कार्यातून ओळखीच्या झालेल्या परदेशी स्त्रिया होत्या. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर जून महिन्यात त्या न्यूयॉर्क बंदरी उतरल्या. तेथून कार्पेंटरबाईंनी त्यांस आपल्या घरी नेले. पुढे फिलाडेल्फिया शहरातील पेनसिल्व्हेनिया स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. हे महाविद्यालय खास स्त्रियांस डॉक्टर करण्यासाठी स्थापिलेले असून त्याच्या मुख्य डॉ. रेचेल बॉडली या होत्या. त्यांनी आनंदीबाईंस मायेने आश्रय दिला. परदेशातही आनंदीबाईंनी लुगडे सोडिले नाही व शाकाहाराचे व्रत मोडिले नाही. हाडे गोठविणारी थंडी, न सोसणारे अन्न व अभ्यासाचे ओझे यांनी त्यांची मूळचीच नाजूक प्रकृती ढासळू लागली. पण अभ्यासात खंड पडला नाही.

त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय मुलांनी विशेष ध्यानात ठेवावा. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र, हा तो विषय होय. वैद्यकात विषय काय थोडे आहेत? परंतु या विद्यार्थिनीचे मन सात समुद्रांपलीकडे जाऊनही त्या बाळंतिणीच्या खोलीतच राहिले होते. ता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. वय एकवीस पूर्ण होण्यास काही दिवस कमी होते. त्या समारंभास त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई मुद्दाम हजर राहिल्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला. याच सुमारास कोल्हापूर दरबारने त्यांस आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमिले. ज्या कामासाठी सारा अट्टाहास केला, ते काम आता हाती आले होते.

पण क्षयाने त्यांच्या शरीरात घर केले होते. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या, तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. ज्यांनी पूर्वी निंदा केली होती, तेही आता कौतुक करू लागले. परंतु कोल्हापुरास जाऊन एकही बाळ हाती घेण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा समुद्रापार कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली. दोन वर्षांनी, १८८९ साली, काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले.

आता कोणी विचारील की, ज्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या देशी एकाही रुग्णाची सेवा केली नाही, त्यांचे चरित्र मुलांनी कशास वाचावे? आमचे उत्तर असे की, आनंदीबाईंनी जो प्रश्न विचारिला, तो त्यांच्याबरोबर मेला नाही. दहा दिवसांचे बाळ का मरते, आणि त्याच्यापर्यंत औषध पोहोचविणारे माणूस बाळंतिणीच्या खोलीत कसे आणावे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर पुढच्या पिढ्यांनी शोधिले, व त्यातला एक मोठा भाग याच महाराष्ट्रात सापडला.

प्रथम, बाळ का मरते ते पाहू. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतील बाळास नवजात बालक म्हणतात. आयुष्याचा हा पहिला महिना सर्वांत नाजूक. मुदतीपूर्वी झालेले किंवा कमी वजनाचे बाळ, जन्मताच श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग ही या वयातील मृत्यूंची मोठी कारणे होत. यांपैकी जंतुसंसर्ग हा चोरपावलांनी येतो. आईकडून रोगाशी लढणारी जी द्रव्ये बाळास गर्भात मिळतात, ती बहुतांशी शेवटच्या महिन्यांत मिळतात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी अपुरीच राहते. त्याची कातडी पातळ, आणि नाळ कापलेली जागा ही तर उघडी जखमच. काही जंतू प्रसूतीच्या वेळी आईच्या मार्गातून येतात. काही मागाहून न धुतलेल्या हातांवरून, मळक्या कपड्यावरून, घाणेरड्या हत्याराने कापलेल्या नाळेतून येतात. ते रक्तात शिरले म्हणजे सर्व शरीरात विष पसरते. फुप्फुसात गेले म्हणजे न्यूमोनिया होतो. मेंदूच्या आवरणास सूज आणतात, तेव्हा बाळ वाचले तरी पुढे त्यास अपंगत्व येऊ शकते. पूर्वी विळा किंवा हाती येईल त्या पात्याने नाळ कापीत व तीवर राख, शेण यांसारखे पदार्थ लावीत. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत व आठवड्याच्या आत बाळाची दातखीळ बसे. गर्भवतींस धनुर्वाताची लस, स्वच्छ पाते व दवाखान्यातील प्रसूती यांच्या योगाने हा रोग इतका हटला की, नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली प्रमाणित करण्यात आले. यावरून ज्या मरणास लोक दैव म्हणत, त्यातील पुष्कळसे मरण हाताच्या मळातून येत होते, हे दिसून येईल.

दुसरा प्रश्न, औषध पोहोचविण्याचा. आनंदीबाईंच्या पदवीनंतर सुमारे शंभर वर्षांनी डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य गडचिरोली जिल्ह्यात कार्य करू लागले. तेथील खेड्यांत बाळ आजारी पडले तरी बाळंतीण व बाळ यांस घराबाहेर काढावयाचे नाही, अशी रीत. आणि काढावयाचे म्हटले तरी इस्पितळ फार दूर. तेव्हा बाळ इस्पितळात येत नसेल तर उपचारच घरात न्यावा, असे त्यांनी ठरविले. गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रियांस त्यांनी शिकवून तयार केले. बाळाचे वजन घेणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, त्यास ऊब देणे, आईस अंगावर पाजण्यास मदत करणे, आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसताच जंतुनाशक औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, ही कामे या स्त्रिया करू लागल्या. हा प्रयोग एकोणचाळीस गावांत करून त्याची तुलना शेजारच्या सत्तेचाळीस गावांशी करण्यात आली. १९९९ साली लॅन्सेट या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने बासष्ट टक्क्यांनी कमी झाले होते. बाळंतिणीच्या खोलीत जाऊ शकेल अशी वैद्यक जाणणारी स्त्री हवी, ही आनंदीबाईंची इच्छा खेड्यातल्या या स्त्रियांनी पुरी केली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे २०११ पासून सरकारने आशा सेविकांमार्फत घरी जाऊन नवजात बालक तपासण्याची योजना देशभर चालू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी भेट द्यावी, असा नियम आहे. दहाव्या दिवसाच्या आधी दोन भेटी होतात, हे वाचून आमच्या मनात आनंदीबाईंच्या बाळाचा विचार आल्यावाचून राहिला नाही.

आता आमच्या मुकुंदवाडीविषयी दोन शब्द. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांचे आईवडील मराठवाड्यातील खेडी सोडून चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामासाठी येथे येऊन राहिले आहेत. आजी गावाकडे राहिली. घरात नवे बाळ आले म्हणजे त्याच्याकडे लक्ष देण्याचे काम मोठ्या बहिणीवर व भावावर येते. म्हणून पुढील मजकूर मुलांनी स्वतः वाचावा व घरी आईस वाचून दाखवावा. आजारी नवजात बालक मोठ्या माणसासारखे आपले दुखणे सांगत नाही. कित्येकदा त्यास तापही येत नाही. उलट अंग गार पडते. बाळ नीट पीत नाहीसे झाले, हाक मारून वा हलवूनही ढिम्म पडून राहिले, अंग तापले किंवा नेहमीपेक्षा गार लागले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, अथवा झटके आले, तर यांपैकी एक चिन्हसुद्धा पुरेसे आहे. अशा वेळी दृष्ट काढीत बसू नये, उद्यावर टाकू नये, दुकानातून आपल्या मनाने औषध आणू नये. नवजात बालकाच्या बाबतीत सकाळ आणि संध्याकाळ यांत जीवनमरणाचे अंतर असू शकते. बाळास आईच्या छातीशी उघड्या अंगास अंग लावून, वरून पांघरूण घालून उबेत धरावे, ते पीत असल्यास वाटेत पाजीत राहावे, आणि तडक रुग्णालय गाठावे. आपल्या शहरात १९५६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असून त्याच्या रुग्णालयास सारे लोक घाटी म्हणून ओळखतात. सरकारी रुग्णालयात आजारी बालकास वर्षाच्या वयापर्यंत मोफत उपचार देण्याची योजना आहे. तेव्हा पैशाच्या भीतीने घरी थांबण्याचे कारण नाही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

रोग होऊ नये म्हणून करावयाच्या गोष्टी तर याहूनही सोप्या आहेत. बाळास हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावे. पाहुण्यांसही संकोच न करता धुण्यास सांगावे. नाळ कोरडी व मोकळी ठेवावी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला तेल, हळद, राख काही लावू नये. जन्मल्याबरोबर तासाभरात आईचे दूध पाजावे. पहिले घट्ट पिवळे दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते टाकून देऊ नये. रोगाशी लढणारी द्रव्ये त्यात विपुल असतात. सहा महिनेपर्यंत मध, घुटी, पाणी काही देऊ नये. डॉक्टरांनी जंतुनाशक औषध सांगितले असल्यास बाळ बरे दिसले तरी ते मध्येच बंद करू नये. अर्धवट व मनमानी वापरामुळे जंतू निर्ढावतात, आणि मग एरवी गुणकारी असणारी औषधेही निष्फळ होतात. आज मोठ्या इस्पितळांतील डॉक्टरांपुढे हे मोठेच संकट आहे. जन्मताच बी. सी. जी. ची लस टोचून घ्यावी. ही लस प्रथम १९२१ साली पॅरिस येथे एका नवजात बालकास दिली गेली. ज्या क्षयाने आनंदीबाईंस नेले, त्याच्या उग्र प्रकारांपासून लहान मुलांचे रक्षण ती करते.

विद्यार्थिमित्रांनो, आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांच्या हाती ना पदवी होती, ना पैसा, ना सत्ता. पोटचे पोर गेले असता, हे का झाले, असा प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र होते. सेमेलवाइसनेही तोच प्रश्न विचारिला, आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांनीही. तुमच्यापैकी एखादी मुलगी उद्या घाटीतल्या त्याच महाविद्यालयात वैद्यक शिकेल, एखादी परिचारिका होईल, एखादी आशाताई होईल. त्या सर्वांस आमचे आशीर्वाद आहेत. परंतु ज्यांस यांपैकी काहीच होता आले नाही, त्यांसही करता येण्याजोगे एक काम आहे. घरी लहानगे बाळ आहे आणि ते आज नीट पीत नाही, असे ज्या दिवशी तुमच्या ध्यानात येईल, त्या दिवशी दप्तर खाली ठेवून प्रथम आईस सांगा. वडीलधारी माणसे होईल बरे म्हणाली तरी पुन्हा सांगा. तेवढे केल्याने एखादा पाळणा रिकामा होण्याचे टळले, तर कल्याणच्या त्या बाळंतिणीचे श्रम आपल्या मुकुंदवाडीत सार्थकी लागले, असे आम्ही समजू.